मोबाईलातली सामायिक बैलजोडी

कोल्हारच्या शिवारात सामायिक म्हणून जे जे काही आहे, ते शेवटी भागवतच्या अंगावर येऊन पडतं. सामायिक बांधावरची बाभळ वाऱ्याने आडवी झाली की कुऱ्हाड घेऊन जायचं भागवतने. सामायिक रस्त्यावर मुरूम टाकायचा ठरला की ट्रॉली भागवतची, डिझेल भागवतचं आणि फावडंही त्याचंच. बाकीचे बांधावर उभे राहून "जरा डावीकडं वढ" असं सांगणार. भावकीतल्या लग्नात पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, तरी भाड्याची पातेली मोजत मांडवात मागे राहिलेला माणूस कोण, हे विचारायचं कारण नाही.

बरं, हे सगळं तो आनंदाने करतो म्हणावं तर तसंही नाही. करताना मनातल्या मनात असा चरफडतो, दात असे खातो, की बघणाऱ्याला वाटावं, आता हा फावडं फेकून देणार. पण फावडं काही सुटत नाही आणि तोंडही उघडत नाही. कामाला वाघ आणि बोलायला गोगलगाय, असा हा गडी. त्याची बायको विजयमाला म्हणते, "तुमच्या कपाळावर सटवाईनं दुसरं काय बी लिवलं न्हाई, निस्तं 'सामायिक' लिवलंय."

सगळ्यात मोठं सामायिक म्हणजे विहीर. आजोबांनी खोदलेली, पुढे तीन मुलांत वाटली गेलेली आणि आता तीन नातवांत आलेली. थोरले काकासाहेब, मधला भागवत, धाकटा बन्सी. तिघं एकमेकांचे चुलत भाऊ. सोमवार-मंगळवार काकासाहेबांचे, बुधवार-गुरुवार बन्सीचे, शुक्रवार-शनिवार भागवतचे. रविवारी मोटार कोणी लावायची नाही, झऱ्यांनी विहीर भरून यावी म्हणून तो दिवस सोडलेला. ज्याची पाळी त्याचं पाणी. त्याने ते उसाला द्यावं, गुरांच्या घासाला द्यावं, नाहीतर ओढ्याला सोडून द्यावं, दुसऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. आजोबांनी घालून दिलेला हा नियम, आणि आख्ख्या भावकीत ज्यावरून कधी भांडण झालं नाही असा तेवढाच एक.

आता विहीर म्हटली की पाला पडतो, कुणाची तरी फाटकी पिशवी उडून पडते. ती पाण्याखालच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीला चिकटते आणि मोटार नुसतीच घुरघुरत राहते, पाणी उचलत नाही. मग कुणीतरी दोर धरून खाली उतरायचं, बुडी मारायची आणि जाळी साफ करायची. पाळी कुणाचीही असो, उतरायचं भागवतनेच. हा नियम आजोबांनी केला नव्हता. तो आपोआप पडला, आणि पडलेला नियम मोडायला केलेल्या नियमापेक्षा अवघड असतो.

काकासाहेब साठीला टेकलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि बैठक नगर-मनमाड रस्त्यावरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात. तिथे बसून ते सगळ्या गावाला सल्ला देतात. बन्सी केडगावला राहतो, टेम्पो चालवतो आणि आपल्या पाळीला गावाकडे येतो. आला की काहीतरी नवीन खूळ घेऊन येतो. मागच्या पोळ्याला तो आला तो एक खेळ घेऊन.

पोळा हा भागवतच्या घरात जरा जड जाणारा सण. तो नववीत असताना घरी ट्रॅक्टर आला आणि वडिलांनी, पुंजारामने, खिल्लारी जोडी घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली. हौशा आणि मान्या. भागवत सोबत गेला होता. आपल्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत; घेणारा आपलं नवं दावं आणतो आणि विकणारा जुनं सोडवून घरी आणतो. येताना जीपमध्ये भागवतच्या मांडीवर ती दोन दावी होती आणि तो सगळी वाट रडला होता. दावी अजून गोठ्यात खुंटीला आहेत. पोळ्याला घरात मातीचे बैल पुजले जातात आणि पूजा झाली की भागवत उगाच गोठ्यात जाऊन येतो.

त्या दिवशी तो असाच गोठ्यातून आला तर बन्सी ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला, शेजारी काकासाहेब.

"भाऊ, हे बग," बन्सी म्हणाला. "शेताचा खेळ हाय. ऑनलाईन. जमीन मिळती, पेरायचं, काढायचं, बाजारात इकायचं. शेजारी कोन ब्राझीलचा, कोन पंजाबचा. आन् ह्यात बैल बी हायेत."

"बैल?" भागवत म्हणाला, आणि तिथेच फसला.

पहिला महिना फुकट होता. आवळा देऊन कोहळा काढायची ही जुनी रीत, फक्त मोबाईलात शिरलेली. नंतर दर महिन्याला वर्गणी. ती भरली नाही तर शेताचं फाटक बंद, आणि बरेच दिवस भरली नाही तर शेतच पुसून टाकणार. तिघांनी तीन वर्गण्या भरण्यात काय अर्थ, असा विचार भागवतच्याच डोक्यात आला. एकच खातं घेऊ, एकच शेत करू, आणि विहिरीसारखी पाळी लावू. सोमवार-मंगळवार दादा, बुध-गुरू बन्सी, शुक्र-शनि मी. वर्गणी तिघांत.

"डोस्कं हाय तुला," काकासाहेब म्हणाले. थोरल्या भावाने असं कौतुक केल्याचं भागवतला आठवत नव्हतं, त्यामुळे तो फुलला. आता पैसे कुणाच्या बँकेतून कापायचे, हा प्रश्न आला. काकासाहेबांच्या फोनमध्ये बँकेच्या ॲपला जागा नव्हती. बन्सीचं बँकेचं ॲप नेमकं त्याच दिवशी रुसलं होतं. भागवतने आपला नंबर घातला, पासवर्ड तिघांना सांगितला, आणि खाली बारीक अक्षरात जे काही नियम होते त्यांना न वाचता "मान्य आहे" म्हणून अंगठा लावला. खातं एकाच माणसाने वापरायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. पण सामायिक विहिरीच्या काठी वाढलेल्या माणसाच्या मनात असली शंका येणार तरी कशी?

पाळी सुरू झाली आणि पहिल्याच रविवारी घोटाळा कळला. विहिरीला रविवारी विश्रांती चालते, जनावरांना चालत नाही. खेळातल्या गुरांनाही रोज वैरण टाकावी लागते, नाहीतर ती रोडावतात. "रविवार तू कर," काकासाहेब म्हणाले, आणि रविवार भागवतचा झाला. पुढे असंही दिसलं की दोघं आपापल्या पाळीला पीक काढून विकतात, पण वैरण टाकायची विसरतात. दुसऱ्याच्या वाराला खेळ उघडायचा नाही हा नियम, तो भागवत मोडणार नाही. मग दर सोमवारी हा गाईची धार काढता काढता फोन लावायचा, "दादा, वैरण टाकली का?" बुधवारी बन्सीला, "टेम्पो बाजूला घे रे, पयली वैरण टाक."

"गोठ्यात खऱ्या गाया हंबरत्यात," विजयमाला म्हणायची, "आन् ह्यांचं चाललंय मोबाईलातल्या गुरांचं! ती दूध देत्यात का तुमाला? शेन तरी देत्यात का?"

भागवत यावर काही बोलायचा नाही, कारण उत्तर त्याच्याकडे होतं पण ते सांगायची त्याला लाज वाटत होती. त्याने आपल्या पाळीत दोन गोऱ्हे घेतले होते. परदेशी बनावटीचे, वशिंड नसलेले, चेहऱ्याने मठ्ठ. तरी एक जरा पांढरा होता आणि एकाच्या कपाळावर ठिपका होता. त्यांची नावं त्याने हौशा आणि मान्या ठेवली. पावसाळा गेला, उसाला तोड आली आणि गेली, आणि उन्हं तापायला लागेपर्यंत दोघं जू घेण्याजोगे झाले. शुक्रवारी सकाळी चहा हातात घेऊन खेळ उघडायचा आणि फाटक उघडल्याबरोबर ते दोघं पळत यायचे. नववीतल्या पोराला जे गमावल्याचं दुःख झालं होतं ते चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं मोबाईलात भरून काढावं लागतं, हे हसण्यासारखं आहे. हसावं ज्याला हसायचं त्याने. त्याला बरं वाटत होतं.

वर्गणीवरून मात्र दर महिन्याला कटकट. पैसे कापल्याचा मेसेज यायचा आणि तो नेमका विजयमालाच्याच नजरेला पडायचा. रक्कम काही मोठी नव्हती, एका रविवारच्या मटणाची. पण तिचं म्हणणं, मटण निदान पोटात जातं.

एकदा तिघं विहिरीवर असताना तिने विषय काढलाच. "ह्या खेळाला पैसं कशाचं देता, ते एकदा मला समजून सांगा."

"वहिनी, नेटचं भरतो, टीव्हीचं भरतो, तसं," बन्सी म्हणाला.

"तुमी कधी भरलं?" विजयमालाने विचारलं, आणि बन्सीला अचानक मोटारीचा स्टार्टर तपासावासा वाटला.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "माजं म्हननं येगळं हाय. जमीन इकत घेतली तर सातबारा मिळतो. ही जमीन धड इकत बी न्हाई आन् खंडानं बी न्हाई. म्हैना भरला तर आपली, न्हाई भरला तर पुसली. असल्या जमिनीला शाना मानूस पैसा घालत न्हाई."

"मग तुमी खेळता कशाला, दादा?" भागवतने विचारलं.

"तू भरतोस म्हनून," काकासाहेब म्हणाले, आणि यात काही चुकीचं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. भागवतची कानशिलं तापली. घरी येताना तो बायकोला म्हणाला, "पुढल्या म्हैन्यात बंद करतो." तसं तो प्रत्येक महिन्यात म्हणायचा. पण बंद करावं तर हौशा-मान्या पुसले जाणार, आणि चालू ठेवावं तर दोघा फुकट्यांची चैन. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय.

मग तो शुक्रवार आला. भागवतने चहा घेतला, ओट्यावर बसला, खेळ उघडला. फाटक उघडलं आणि कोणी पळत आलं नाही. गोठ्याच्या जागी एक लालभडक भला मोठा ट्रॅक्टर उभा होता, पुढे झेंडूच्या माळेचं चित्र. भागवतने सगळं शेत पालथं घातलं. ओढ्याकडे बघितलं, शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत जाऊन आला. मग बाजाराच्या पाटीवर दिसलं: बैलजोडी, विकली, मंगळवार.

चहा तसाच राहिला. त्याने पायात चपला सरकवल्या आणि मोटरसायकलवर बसून तडक स्टँडवरचं हॉटेल गाठलं. काकासाहेब नेहमीच्या बाकावर होते, समोर भज्यांची बशी.

"दादा, बैल कुठं हायेत?"

"कोनते बैल?"

"खेळातले! माजे!"

"आरं ते व्हय," काकासाहेब खुशीत आले. "इकले. चांगली गिऱ्हाइकी आल्ती. ट्रॅक्टर बगितलास का कसला हाय? हितं समद्यांना दाखवला मी. बैलानं कुनी शेती करतं का आताच्या काळात? भजी खा."

"मला इचारायचं तरी!"

"तुला का इचारायचं? मंगळवार हुता." काकासाहेबांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "पाळी ज्याची, पानी त्याचं. नियम तूच लावला ना रं?"

भागवत उभाच राहिला. पाणी आणि विहीर यात फरक असतो, पाळीत पाणी घ्यावं, कुणी पाळीत मोटार विकतं का, हे सगळं त्याला सुचलं. पण ते सुचलं मोटरसायकलवर, अर्ध्या वाटेत. वेळेवर न सुचणं हाही त्याच्या नशिबाचा जुना भाग. हॉटेलात तो एवढंच म्हणाला, "लई वंगाळ केलं, दादा," आणि बाकावरच्या चारदोन माणसांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मोबाईलातल्या बैलांसाठी डोळ्यांत पाणी आणणारा माणूस त्यांनी आधी बघितला नव्हता.

बन्सीला फोन लावला तर तो म्हणाला, "मला बुधवारीच दिसलं भाऊ. पन म्हनलं, तुमचं तुमी बगाल. उगं भांडन कशाला?"

मग खेळवाल्यांकडे तक्रार. तिथे माणूस नव्हताच, यंत्र होतं, आणि ते यंत्र असलं गोड मराठी बोलत होतं की भागवतचं टाळकं आणखीच फिरलं. "नमस्कार भागवत जी! आपले दुःख आम्ही समजू शकतो. आपल्या खात्यातून झालेली विक्री अंतिम आहे." त्याने लिहिलं, विक्री मी केली नाही, भावाने केली. "खाते एका व्यक्तीसाठी आहे. इतरांना दिल्यास जबाबदारी आपली राहील. आपला दिवस हिरवागार जावो!" भागवतने मोबाईल खाटेवर आपटला. घोडेगावच्या बाजारात विकले तेव्हा निदान दोन दावी हाती आली होती. इथे दिवस हिरवागार जावो.

विजयमाला दारात उभी राहून बघत होती. ती हसेल, असं त्याला वाटलं. सांगत हुते का न्हाई, असं म्हणेल. पण ती जवळ येऊन बसली.

"हौशा-मान्या गेले?"

"तुला नावं ठाव हायेत?"

"दर शुक्कारी सकाळी बडबडता की." मग तिचाही पारा चढला. "येक सांगा मला. त्या दोगांनी कदी पैसं दिलं का? न्हाई. वैरन कदी टाकली का? न्हाई. समदी वर्गनी तुमी भरली. मग ते समदं तुमचंच हुतं की! आख्ख्याचं पैसं भरायचं आन् शुक्कारची वाट बगत बसायचं. असलं येडेपन मी तर कुटं बगितलं न्हाई. खेळाला पैसं भरू नका, असं मी आता म्हनत न्हाई. भरा. पन भरलं तर आपलं म्हनून भरा."

त्या रात्री तो बराच वेळ कूस बदलत राहिला. एकट्याने खातं घेतलं असतं तरी वर्गणी एवढीच होती. तीन माणसांची म्हणून तो जी भरत होता, ती पहिल्यापासून एकाच माणसाची होती. पाळी त्याच्यावर कुणी लादली नव्हती. मोकळं शिवार बघून त्याने स्वतःच त्यात सामायिक विहीर खोदली होती. स्वतःचाच राग येणं फार वाईट, कारण तो काढायला बांधावर दुसरं कुणी नसतं.

रविवारी दुपारी त्याने पासवर्ड बदलला. काकासाहेबांचा लाल ट्रॅक्टर विकला. बैलजोडी परत घेण्याएवढं काही त्यात आलं नाही, दोन लहान गोऱ्हे आले, एक काळा आणि एक पांढऱ्या ठिपक्यांचा बांडा. नावं त्याने ठेवली नाहीत. ठेवायला जीभ रेटेना.

सोमवारी सकाळी तो गाईंना घास कापत असताना काकासाहेबांचा फोन आला.

"भागवता, खेळ उघडंना रं."

"न्हाई उघडायचा, दादा. पासवर्ड बदललाय."

"भावकीत कुलूप?"

"व्हय."

"बरं, त्याचं मागनं बगू. मोटार बी पानी उचलंना. जाळीला कायतरी आडाकलंय. काल खत टाकलंय उसाला, आजच्या आज पानी पायजे. ये बिगीनं."

भागवतने विळा खाली ठेवला. "दादा, आज वार कोनता?"

"सोमवार."

"मग पाळी तुमची," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण पुढे काय करायचं हे त्याला कळेना. तो गोठ्यात गेला, विहिरीत उतरायचा दोर खांद्यावर टाकला, दारापर्यंत आला, आणि परत जाऊन दोर खुंटीला लावला. उसाला खत टाकलेलं. पाणी मिळालं नाही तर वाया जाणार. ऊस काकासाहेबांचा, पण ऊस तो ऊसच. विजयमालाने भाकरी वाढली. त्याने अर्धी खाल्ली. "बसा गप," ती म्हणाली, "विहीर कुटं पळून जात न्हाई." तो बसला, पण कान सगळे विहिरीकडे. दुपारची लाईट आली तेव्हा मोटारीचा आवाज यायला हवा होता, आला नाही. भागवतला वाटलं, आता आपण उठणार. हे आपल्याला जमायचं नाही. त्याने चपला घातल्या.

आणि त्याच वेळी मोटार लागली. आधी नुसती घुरघुर, आणि मग पाइपातून पाणी पडल्याचा भदाभदा आवाज.

तो बांधाबांधाने विहिरीवर गेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि विजार स्टार्टरच्या पेटीवर घडी करून ठेवलेली होती. काकासाहेब चड्डी-बनियनवर विहिरीच्या काठाला बसलेले, केस कपाळाला चिकटलेले, अंगाला शेवाळ, धाप लागलेली. हातात खताच्या गोणीचा एक फाटका तुकडा होता.

"आलं बग पानी!" भागवतला बघून ते ओरडले. "सोपं हुतं की रं! उगंच तुजी वाट बगत बसलो."

या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, भागवतला पोहायला याच माणसाने शिकवलं होतं. पायऱ्या कुठे निसटतात, फुटव्हॉल्व्ह किती खोल आहे, हे सगळं आधी काकासाहेबांना माहीत होतं आणि मग भागवतला. हे तो कसा विसरला होता?

"तुमाला येत हुतं," तो म्हणाला. "मग येवडी वर्सं का न्हाई उतरला, दादा? थंडीत मी, पावसात मी. ताप आल्ता तवा बी मीच उतरलो!"

काकासाहेबांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि त्याच्याकडे बघितलं. खरंच कोड्यात पडल्यासारखे दिसत होते.

"तू उतरायचास की," ते म्हणाले. "कदी न्हाई म्हनला न्हाईस. मला वाटलं, तुला आवडतंय."

पाणी पाटाला लागलं होतं. इतकी वर्षं दात खाऊन, मनात शिव्या घालून जे काही त्याने साठवलं होतं, ते या माणसाच्या कानापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पोचवलंच नव्हतं त्याने. आता ते सगळं ओतावं तर समोर ओल्या बनियनमध्ये धापा टाकणारा म्हातारा होत चाललेला भाऊ, आणि न ओतावं तर घशाशी आलेलं. त्याला भयंकर राग आला, आणि तो कुणाचा हे सांगता येईना.

"बरं, त्यो पासवर्ड सांग आता," काकासाहेब शर्टाकडे हात लांबवत म्हणाले. "माजा ट्रॅक्टर बगू दे जरा."

"ट्रॅक्टर इकला मी. आन् पासवर्ड सांगनार न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई."

काकासाहेबांनी शर्ट अंगात घातला, एकेक गुंडी लावली. आता भावकी मोडणार, आता आजोबांचं नाव निघणार, म्हणून भागवत वाट बघत उभा होता.

"बरं," काकासाहेब म्हणाले, आणि पाणी सरीला धरायला उसात गेले.

बस, एवढंच. भागवत घरी आला तेव्हा विजयमाला ओट्यावर शेंगा फोडत होती. तो तिच्याजवळ बसला.

"दादांना येतंय गं उतरायला."

"मग? विहीर त्यांची बी हाय की," ती म्हणाली. "तुमी कदी सांगितलं का त्यांना, उतरा म्हनून?"

मोबाईल वाजला. महिन्याची वर्गणी कापली गेली होती. विजयमालाने मेसेज बघितला आणि शेंगा फोडत राहिली. भागवतने खेळ उघडला. फाटकाशी काळा आणि बांडा गोऱ्हा उभे होते, दिवसभर उपाशी. वैरणीवर टेकवायला निघालेला त्याचा अंगठा मध्येच थांबला. सोमवार होता, काकासाहेबांचा वार. मग त्याने वैरण टाकली.